सातबारा नसलेल्यांचा उद्योग

दिल्लीहून चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या विदर्भ सोडता सोडता बल्लारशाह स्थानकात थांबतात. कधीकाळी गोंड राजांची राजधानी असलेले हे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात बल्लारशाह आणि लोकांच्या तोंडी बल्लारपूर. वर्धा नदीच्या काठी किल्ल्याची तटबंदी अजून दिसते. पण आज गावाची ओळख सांगताना दोनच नावे आधी येतात, सागवानाचा डेपो आणि कागदाचा कारखाना. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले सागवान डेपोत येते, लिलावात विकले जाते आणि देशभर पोचते. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेले ते इथूनच. कागदाचा कारखाना लाला करमचंद थापर यांनी १९४५ साली स्थापन केला. पुढे ‘बल्लारपूर इंडस्ट्रीज’ या नावाने तो देशातल्या मोठ्या कागद उत्पादकांत गणला गेला. शाळेच्या वह्यांपासून छापखान्याच्या रिमांपर्यंत त्याचा कागद घरोघरी गेला.

हा कारखाना इथेच का आला, हे नकाशा पाहिला की कळते. पाण्याला वर्धा नदी, इंधनाला दारातला कोळसा, वाहतुकीला रेल्वेचा मुख्य मार्ग, आणि कच्च्या मालाला पूर्वेकडे पसरलेले बांबूचे जंगल. सरकारने या जंगलातला बांबू कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या करारांनी, सवलतीच्या दरात दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या आष्टीलाही कागदाचा कारखाना उभा राहिला. बांबू तोडायला माणसे लागत, ती आजूबाजूच्या गावांतूनच येत. गोंड, माडिया, कोलाम अशा समाजांची ही गावे. त्यांच्या वाट्याला तोडणीची मजुरी आली. त्याच जंगलातून घराच्या कुंपणासाठी बांबू आणायचा तर मात्र वनरक्षकाची भीती असे.

उद्योग आला, रोजगार आला, रेल्वेच्या वाघिणी भरून उत्पादनही बाहेर गेले. तरी जंगलातले गाव होते तिथेच राहिले. विकसनशील देशांतल्या कितीतरी वनप्रदेशांची ही कथा आहे. सामाजिक उद्योजकतेचा विचार करायचा तर तो याच ठिकाणाहून करायला हवा, कारण गेल्या पंधरा वर्षांत याच दोन जिल्ह्यांतल्या गावांनी तिचा एक वेगळा, अस्सल देशी नमुना उभा केला आहे.

सामाजिक उद्योग म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर, जो उद्योग माल विकतो, हिशेब ठेवतो, तोट्यात जाऊन चालत नाही हे जाणतो, पण ज्याचा मुख्य हेतू मालकाचा नफा वाढवण्याऐवजी समाजाची एखादी अडचण सोडवण्याचा असतो, तो सामाजिक उद्योग. त्यातच निसर्गाची झीज होऊ न देण्याची अट घातली की तो शाश्वत उद्योग होतो. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांची ग्रामीण बँक १९८३ साली रीतसर बँक झाली आणि तारण नसलेल्या बायकांना छोटी कर्जे देऊन ती चालू शकते हे तिने दाखवले. २००६ साली युनूस आणि बँक यांना मिळून शांततेचे नोबेल मिळाले, तेव्हा हा विषय जगभर चर्चेत आला.

महाराष्ट्राला मात्र ही कल्पना त्याआधीपासून परिचयाची होती. १९५९ साली गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला घेतले आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण मालकीत भागीदार असते. चंद्रपूर जिल्ह्याने तर आणखी दहा वर्षे आधी आपला धडा घालून दिला होता. १९४९ साली बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले, ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी तिथे दयेपेक्षा कामाला वरचे स्थान दिले. समाजाने टाकलेली माणसे शेती करू लागली, हातमागावर कापड विणू लागली, पुढे कार्यशाळा आणि छपाईही आली. बोटे झडलेल्या हातांनी बनवलेल्या वस्तू विकत घ्यायला लोक सुरुवातीला कचरत असत, आणि त्या कचरण्याशी झगडणे हाही त्या उद्योगाचाच भाग होता.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी द्रष्टा माणूस किंवा जिद्दी गट पुढे आला, थोडे भांडवल जमले, काम सुरू झाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांपुढचा पेच याहून अवघड होता. त्यांच्याकडे हात होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते आणि दारात कोट्यवधी रुपयांचा माल उभा होता. तो माल त्यांचा नव्हता.

प्रवरा आणि गडचिरोली

अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. शेतकऱ्यांनी मिळून कारखाना काढावा ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती, आणि पश्चिम महाराष्ट्राचे रूप तिने पालटले. या यशाच्या मुळाशी एक गोष्ट होती, जिचा उल्लेख सहसा होत नाही. त्या शेतकऱ्याकडे सातबारा होता. ऊस त्याचा होता, म्हणून तो भागधारक होऊ शकला. जमीन त्याच्या नावावर होती, म्हणून बँकेने त्याला दारात उभे केले.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या क्षेत्रफळाच्या जवळपास दोन तृतीयांश भागावर जंगल आहे. तिथल्या माणसाचे पोट जंगलावर चालते: मोहफूल, टोरी, तेंदूपाने, डिंक, चारोळी, हिरडा, बेहडा, मध, लाख आणि बांबू. पण या जंगलाच्या कागदावर गावाचे नाव कुठेच नव्हते. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात गणले होते, त्यामुळे तो लाकडाच्या नियमांत अडकला होता. तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या कायद्याने राज्य सरकारच्या ताब्यात घेतला होता. म्हणजे ज्या दोन वस्तूंत खरा पैसा होता, नेमक्या त्याच गावाच्या हाताबाहेर होत्या. अशा ठिकाणी सहकारी संस्था काढली तरी ती मजुरांचीच संस्था होणार.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदलले. या कायद्यात वैयक्तिक शेतजमिनीच्या हक्काबरोबरच सामूहिक वनहक्काची तरतूद आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल गाव वापरत आले, त्याचे रक्षण, व्यवस्थापन आणि पुनर्निर्मिती करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो. जमीन विकता येत नाही, ती कुणा एकाच्या नावावरही होत नाही. पण तिथल्या गौण वनोपजाची मालकी गावाची होते, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत या कायद्याने बांबू आणि तेंदू ही दोन्ही नावे स्पष्ट लिहिली. गावाला अखेर आपला सातबारा मिळण्याची वाट खुली झाली.

मेंढ्याचा बांबू

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना, कठाणी नदीच्या परिसरात मेंढा-लेखा लागते. जेमतेम पाचशे वस्तीचे हे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा आता देशभर माहीत झाली आहे. वनहक्क कायदा येण्याच्या दोन दशके आधीपासून या गावाची तयारी चालली होती. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या धरणांविरुद्ध आदिवासींचे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले; त्यात हे गाव होते. गावाने लाकूड आणून आपले घोटुल, म्हणजे तरुणांचे सामूहिक घर, बांधले, वन विभागाने ते पाडले, आणि गावाने ते पुन्हा उभे केले. देवाजी तोफा हे गावातलेच नेतृत्व आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले, पण गावाच्या बाजूने विचार करणारे सोबती, अशी जोडी जमली. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा प्रवास सविस्तर लिहिला आहे.

मेंढ्याची दोन साधने विशेष आहेत. पहिले अभ्यासगट. एखादा प्रश्न आला की इच्छुक माणसे एकत्र बसतात, माहिती काढतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात. निर्णय मात्र तिथे होत नाही. दुसरे साधन सर्वसहमती. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो बहुमताने होत नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत जातो. हे हळू चालते, चिकाटी मागते. पण एकदा ठरले की ते मोडायला गावात कुणी गट शिल्लक राहत नाही. कुठल्याही कंपनीच्या संचालक मंडळाला हेवा वाटावा अशी ही पद्धत आहे.

२००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. योगायोग असा की त्याच वर्षी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामूहिक कुरणे, पाणी, जंगले लोक एकत्र येऊन नीट सांभाळू शकतात, त्यासाठी ती सरकारकडे किंवा खाजगी मालकाकडे जायलाच हवीत असे नाही, हे त्यांनी जगभरच्या अभ्यासातून दाखवले होते. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत, देखरेखही त्यांनीच ठेवावी, मोडणाऱ्याला बेताचा दंड असावा, तंटा जवळच मिटावा, ही त्यांनी सांगितलेली सूत्रे मेंढ्यात आधीच रूढ होती.

हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना. जंगलातून माल बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, तो देण्याचा अधिकार वन विभागाकडे होता आणि बांबू गौण वनोपज आहे हे मान्य करायलाच यंत्रणा तयार नव्हती. ग्रामसभा अडून बसली. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०११ च्या मार्चमध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपजच आहे असे कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यात आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही हजर होते. परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. आता गावाच्या सही-शिक्क्याने ट्रक जंगलाबाहेर पडू शकत होता.

पुढच्या हंगामात मेंढ्याची बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. त्याबरोबर न पाहिलेली कामे अंगावर आली. ग्रामसभेला स्वतःचा पॅन क्रमांक काढावा लागला, कराचे कागद भरावे लागले, व्यापाऱ्याशी करार करावा लागला, तोडलेल्या बांबूची मोजणी ठेवावी लागली. मजुरी देऊन उरलेला पैसा ग्रामसभेच्या खात्यात गेला, आणि जंगलाच्या व गावाच्या कोणत्या कामांना तो लावायचा हे त्याच सर्वसहमतीने ठरू लागले.

जंगल राखून विकायचे

बांबूचे अर्थकारण त्याच्या वाढीच्या रीतीवर उभे आहे. पावसाळ्यात बेटातून नवे कोंब फुटतात. इथे त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजीही होते. कोंब पाहता पाहता पूर्ण उंचीचा होतो, पण पक्का व्हायला त्याला सुमारे तीन वर्षे लागतात. म्हणून शहाणी तोडणी म्हणजे पक्के बांबू काढायचे, कोवळे राखायचे, कंद दुखवायचा नाही आणि पावसाळ्यात कोयता लावायचा नाही. असे केले तर बेट पिढ्यान्‌पिढ्या देत राहते. कंत्राटी तोडणीत ट्रक भरण्याची घाई असते, तिथे हे पथ्य पहिल्यांदा मोडते. पुढच्या वर्षी याच बेटाकडे आपल्यालाच यायचे आहे हे ज्याला ठाऊक असते, तो कोयता सांभाळून चालवतो. मालकी आणि शाश्वतता यांचे नाते इतके सरळ आहे.

बल्लारपूरहून आग्नेयेला गोंडपिपरी तालुका आहे, तिथले पाचगाव हे याचे ठळक उदाहरण. पारोमिता गोस्वामी यांच्या एल्गार प्रतिष्ठानच्या साथीने या लहानशा गावाने दावा लावून धरला आणि २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळवला. गावाने आधी नियम लिहून काढले: कुठे चराई, कुठे तोडणी, जंगलावर गस्त कुणाची, चोरी पकडली तर दंड किती. जंगलाचा काही भाग देवाचा म्हणून पूर्णपणे राखीव ठेवला. बांबूची तोडणी गावातल्याच माणसांकडून, गावाने ठरवलेल्या मजुरीवर होऊ लागली आणि विक्री जाहीर लिलावाने.

पाचगावचा सर्वांत धाडसी निर्णय मात्र न विकण्याचा होता. तेंदूपानांतून उन्हाळ्यात रोख पैसा मिळतो. तरी गावाने पाने तोडायची नाहीत असे ठरवले. चांगली पाने यावीत म्हणून झाडांची छाटणी होते, खुटकटाई होते, कधी जमिनीला आगही लावली जाते. त्यात झाडाला फळ धरत नाही आणि आग पसरली तर बांबूची कोवळी बेटे जळतात. टेंभराची, म्हणजे तेंदूच्या झाडाची, फळे माणसे खातात, पाखरे खातात, त्यांच्या बियांतून नवी झाडे येतात. बांबूतून पुरेसे मिळत असताना ही किंमत का मोजायची, असा विचार गावाने केला. उत्पन्नाचे एक चालू साधन स्वतःहून बंद करणारे उद्योग जगात थोडे असतील.

या भागातल्या माणसाला हंगामी स्थलांतर नवे नाही. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे जथे दरवर्षी निघतात; २०२० च्या टाळेबंदीत तिथून पायी परतणारे मजूर साऱ्या राज्याने पाहिले. गावातच काही महिने तोडणीचे काम मिळाले तर आईबापांबरोबर मुलांची शाळा सुटत नाही. सामाजिक उद्योगाचा नफा मोजताना हा आकडा ताळेबंदात कुठे येत नाही, तरी तोच सर्वांत मोठा असतो.

तेंदूचे गणित

प्रत्येक गावाने पाचगावसारखे करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जिथे बांबू विरळ आहे तिथे मे महिन्यातला तेंदू हाच वर्षाचा आधार. पहाटे अंधारात सगळे घर जंगलात जाते, दुपारी परतून पाने जुळवत बसते. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, न्यायचे, तिथे मोजणी आणि उन्हात वाळवणे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. वळवाचा पाऊस आला की संपला.

वनहक्क कायद्याच्या आणि आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या आधाराने २०१३ पासून विदर्भातल्या काही ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकायला सुरुवात केली. विदर्भ नेचर कॉन्झर्वेशन सोसायटीसारख्या संस्थांनी निविदा कशी काढायची, करारात कोणती कलमे हवीत, हे शिकवायला मदत केली. एकटी ग्रामसभा व्यापाऱ्यापुढे दुबळी पडते हे लवकरच उमजले. कोरची तालुक्यातल्या सुमारे नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची संस्था ऐंशीच्या दशकापासून या परिसरात काम करत होती. बायकांचे बचत गट आणि परिसर संघ त्यातून आधीच उभे होते. त्यामुळे महाग्रामसभेत प्रत्येक गावाचे दोन पुरुष आणि दोन स्त्रिया प्रतिनिधी असावेत हा नियम कागदावर राहिला नाही. बायका निविदांच्या बैठकीत बसल्या, भावावर बोलल्या. त्याच संघटनेच्या बळावर झेंडेपारच्या लोहखनिज खाणीला विरोधही झाला.

या व्यवस्थेचे कच्चे दुवेही लपवण्यासारखे नाहीत. तेंदूचा भाव विडीच्या बाजारावर हलतो. २०१७ च्या हंगामात भाव चढे होते. त्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला, तेंदूपानांवर अठरा टक्के लागला, आणि पुढच्या हंगामात भाव कोसळले. विडीचा धंदाच हळूहळू आटतो आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने तो आटणे बरेच आहे. म्हणजे तेंदूवरचे अवलंबन कधीतरी सोडावे लागणार. व्यापारी मोजके असतात, ते एकत्र आले तर लिलावात स्पर्धा उरत नाही. करार करून पैसे थकवणारेही भेटतात. ग्रामसभेकडे कोर्टकचेरीचे बळ नसते. आणि चंद्रपूर जिल्ह्यात तर जिवाचाच प्रश्न असतो: ताडोब्याच्या आसपास वाघांची संख्या वाढली आहे, मोह आणि तेंदूच्या दिवसांत वाकून काम करणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी मरतात. वनोपजाच्या भावात हा धोका कधीच मोजला जात नाही.

कच्चा माल आणि पक्का माल

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. बांबू अजूनही ट्रकभर कच्चाच बाहेर जातो. एका बांबूला गावात मिळणारा भाव आणि त्याच बांबूच्या टोपल्या, खुर्ची किंवा दिव्याची शहरातली किंमत यांत कित्येक पटींचे अंतर आहे, आणि ते अंतर गावाबाहेरच्यांच्या खिशात पडते.

कारागिरी इथे कमी नाही. बुरड समाज पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या, सुपे, परड्या, तट्टे विणत आला आहे. प्लॅस्टिकने त्यांचा बाजार खाल्ला आणि चांगला बांबू मिळणे अवघड झाले, तशी पुढची पिढी या कामातून निघाली. चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. तिथे यंत्रांचा वापर, बांबूवरची प्रक्रिया, नवी रचना शिकवली जाते. चंद्रपूरच्या मीनाक्षी वाळके यांनी बांबूच्या राख्या आणि शोभेच्या वस्तूंचा व्यवसाय सुरू केला, इतर बायकांना शिकवले, आणि त्यांच्या राख्या परदेशातही गेल्या. गडचिरोलीत वन विभागाच्या पुढाकाराने अगरबत्तीची केंद्रे निघाली, तिथे गावच्या बायका काम करतात. अगरबत्तीच्या काड्या भारत वर्षानुवर्षे व्हिएतनाम आणि चीनमधून आणत होता. २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरची आयातशुल्काची पट्टी दहावरून पंचवीस टक्क्यांवर नेली, तेव्हा देशी काडीला थोडी जागा झाली. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणेही सोपे झाले.

पण हे प्रवाह अजून वेगवेगळे वाहतात. बांबूची मालक ग्रामसभा, कारागीर बुरड, यंत्राचे ज्ञान प्रशिक्षण केंद्राकडे, विक्रीची वाट एखाद्या धडपडणाऱ्या बाईने स्वतः शोधलेली. हे सगळे एका छपराखाली आले तर काय होऊ शकते, हे पाहायला मेक्सिकोत जावे लागेल. ओआहाका राज्याच्या डोंगराळ भागात झापोतेक आदिवासींच्या सामूहिक मालकीची जंगले आहेत. १९५६ साली सरकारने तिथले लाकूड एका कागद कारखान्याला पंचवीस वर्षांच्या सवलत-कराराने दिले. जमीन गावाची, झाडे कारखान्याची, आणि गावकरी मजूर. मुदत संपत आली तेव्हा गावांनी एकजूट करून नूतनीकरणाला विरोध केला आणि जंगल परत मिळवले. इश्तलान दे हुआरेस या गावाने नंतर स्वतःची लाकूड कापण्याची गिरणी आणि फर्निचरचा कारखाना उभारला. दोन्हींची मालकी ग्रामसमाजाकडे आहे. कच्च्या ओंडक्यांपासून तयार बाकांपर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला. बल्लारपूरच्या पंचक्रोशीतल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना आपलीच वाटेल.

विदर्भातही या दिशेने पावले पडली आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर या गावाने उजाड टेकड्यांवर सामूहिक हक्क घेऊन जंगल राखले आणि तिथली सीताफळे प्रतवारी करून, खोक्यांत भरून, स्वतःच्या नावाने बाजारात पाठवली. फळ तेच, पण पाटीऐवजी खोक्यात गेले की भाव बदलतो. मोहफुलाच्या साठवणुकीवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये सैल केले, तेव्हापासून मोहाचे लाडू, सरबत, मुरंबा करणाऱ्या बचत गटांना वाव मिळाला. मोहफूल म्हटले की आजवर फक्त दारू आठवायची. खरे तर दुष्काळी दिवसांत याच फुलांनी आदिवासींची पोरे जगवली आहेत.

पुढचे काम

गडचिरोली जिल्ह्यात हजारावर गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. देशात इतक्या मोठ्या प्रमाणावर हे क्वचितच कुठे झाले असेल. म्हणजे मालकीचा पहिला टप्पा बऱ्याच अंशी पार पडला. दुसरा टप्पा भांडवलाचा आहे आणि तिथे गाडी अडते आहे. सामूहिक हक्काचे जंगल गहाण ठेवता येत नाही, ते तसेच असायलाही हवे. पण मग बँक कशाच्या भरवशावर कर्ज देणार? कर्ज नाही म्हणून ग्रामसभेला हंगामाआधीच व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की भाव ठरवण्याची ताकद तिथेच निम्मी होते. बांबू महिनाभर राखून ठेवायला गोदाम नाही, फाडायला यंत्र नाही, कीड लागू नये म्हणून प्रक्रियेची टाकी नाही. हिशेब लिहिणारा तरुण गावात तयार होतो तोच नोकरीसाठी बाहेर पडतो, कारण ग्रामसभा त्याला बाराही महिने पगार देऊ शकत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखाने केवळ शेतकऱ्यांच्या भागांवर उभे राहिले नाहीत. राज्य सरकारने त्यांत भागभांडवल घातले, कर्जांना हमी दिली, परवाने मिळवून दिले, आणि हे अनेक दशके केले. वनप्रदेशातल्या ग्रामसभांच्या संघांना तीच वागणूक मिळायला हवी. तेंदूचा हंगाम उघडण्यापूर्वी खेळते भांडवल, तालुक्यागणिक एक गोदाम आणि प्रक्रिया केंद्र, सरकारी शाळा-कचेऱ्यांच्या खरेदीत ग्रामसभांच्या बांबूच्या वस्तूंना ठरावीक वाटा, आणि हिशेबनिसाच्या पगाराची पहिल्या काही वर्षांची तजवीज, एवढ्या चार गोष्टींना लागणारा पैसा एखाद्या मध्यम कारखान्याला दिलेल्या सवलतींपेक्षा जास्त होणार नाही. कोरचीसारख्या महाग्रामसभा आज आहेत, त्यांच्याकडे लिलाव करून दाखवल्याचा, मजुरी वाटल्याचा आणि जंगल राखल्याचा दशकभराचा लेखी हिशेब आहे. कर्ज मागायला येणाऱ्या किती नव्या उद्योगांकडे एवढा हिशेब असतो?